एकाच गालावरचे डाग

गाडी शिकायला येणारी मंडळी त्यांना पाठीमागे क्लचबाई म्हणत, कारण दिवसभर त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. कितीतरी वर्षं त्या शिकाऊ चालकाच्या शेजारच्या जागेवर बसत आल्या होत्या. पायाखाली जादा ब्रेक, आणि शेजारची काच कायम बंद. धूळ नको, ऊन नको. आपल्या जिभेला हाड नाही पण मनातही काही नसतं, असं त्या स्वतःच सांगत. अशी माणसं दुसऱ्याच्या मनात काय काय ठेवून जातात, ते त्यांना कोण सांगणार?

त्या वर्षी बाईंच्या गालावर तपकिरी डाग उठले. आधी एक, मग गालभर. लिंबू चोळून पाहिलं, तर नुसती आग झाली. मग त्यांचा संशय गेला सुनेच्या क्रीमवर. सून घरीच कोरफडीचं क्रीम बनवून ओळखीपाळखीत विकायची आणि दोनेक महिने बाई तेच लावत होत्या. झालं! बाईंच्या नणंदेकडे सगळे जेवायला जमलेले असताना त्यांनी गाल पुढे करून दाखवला. "बघा हिच्या क्रीमचे प्रताप! चांगला चेहरा नासवला माझा."

सुनेचा घास हातातच राहिला. तिची निम्मी गिऱ्हाइकं त्याच खोलीत बसली होती. हळूहळू एकेकीने क्रीम नको म्हणून कळवलं आणि सुनेने क्रीमची भांडी घासून माळ्यावर टाकली. वाद घातला नाही. बाईंना तीच कबुली वाटली.

त्वचेच्या डॉक्टरकडे जाताना त्यांनी सुनेला मुद्दाम बरोबर घेतलं. "चल, तुझ्या कानांनी ऐक." पुरावा म्हणून क्रीमची डबीही पर्समध्ये टाकली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने बाईंना तोंड धुऊन यायला सांगितलं, भिंगातून एकेक डाग पाहिला, मग दुसरा गाल पाहिला, पुन्हा पहिला.

"काकू, काम काय करता?"

बाईंनी सांगितलं.

"खिडकीकडे कोणता गाल असतो?"

बाईंचा हात आपसूक डागांवर गेला. "पण काच बंद असते," त्या म्हणाल्या.

"साध्या काचेमुळे कातडी भाजत नाही एवढंच. डाग पाडणारं ऊन बरंचसं आत येतंच. आणि हे काही दोन महिन्यांचं काम नाही, वर्षानुवर्षांचं ऊन आहे."

बाईंनी डबी टेबलावर ठेवली. "आणि हे?"

त्यात काय काय आहे ते डॉक्टरने विचारलं, सुनेने खालमानेने सांगितलं. "हे तुम्ही एकाच गालाला लावत होता का, काकू?"

बाईंनी डबी हळूच आपल्याकडे ओढली. त्या दोन्ही गालांना लावत होत्या, कपाळाला, मानेलासुद्धा. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यांनी, तीही भरल्या घरात. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं.

डॉक्टर बोलत होती. डाग साधेच आहेत. रात्री लावायला मलम देते, पुसट व्हायला महिने लागतील, नाहीच झाले तर लेझरचं बघू. पण उन्हापासून जपलं नाही, तर सगळं पाण्यात. सनस्क्रीन गाडीतसुद्धा हवं, दर दोन तासांनी पुन्हा. लिंबू बंद. एखादा डाग रंग-आकार बदलायला लागला किंवा त्यातून रक्त आलं, तर लगेच यायचं. बाईंच्या कानांत त्यातलं अर्धंच शिरलं. शेजारी सून कोणतं सनस्क्रीन घ्यायचं, किती लावायचं, ते नीट विचारून घेत होती, सासूसाठी. ती एकदा जरी हसली असती, एखादा टोमणा मारला असता, तर बाईंना बरं वाटलं असतं.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "चुकलं गं माझं."

सून समोर बघत होती. "तेव्हा घर भरून माणसं होती, आई. आत्ता आपण दोघीच आहोत."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी वावगं काहीच बोलली नव्हती. त्यांनी घराकडे जायचं सोडून गाडी नणंदेच्या गल्लीत घातली.

दार नणंदेनेच उघडलं. आत मॅच बघायला सगळा गोतावळा जमला होता. "अगं बाई, वहिनी, डाग अजून तसेच? काय करून ठेवलं त्या पोरीनं!" एवढं बोलून झाल्यावर तिला मागे उभी असलेली सून दिसली आणि तिने जीभ चावली.

"तिने नाही केलं," बाई म्हणाल्या. "हे उन्हाचे डाग आहेत. मी तिच्यावर खोटा आळ घेतला."

"काय?" नणंद म्हणाली. "त्या टीव्हीत काही ऐकू येत नाही. मोठ्याने बोला."

एकदा बोलतानाच बाईंचा जीव अर्धा झाला होता, आता तेच पुन्हा बोलायचं होतं. त्या उंबरा ओलांडून खोलीच्या मधोमध गेल्या आणि मोठ्याने बोलल्या. बोलणं अर्ध्यावर असतानाच कोणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

सून दारातच थांबली होती. तिने अजून चपला काढल्या नव्हत्या.