छताचा राहिलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना पट्टेरी डबा आहे. डबा म्हटलं की तुम्हाला खाऊ आठवेल. पण माझ्या पोटात कधीच काही नव्हतं. मी पत्र्याचा, आतून पोकळ, लाकडी दांड्यावर गरगर फिरणारा. अंगावर काळे-पांढरे उभे पट्टे. डोळ्यांच्या दवाखान्यात सगळे मला झेब्रा म्हणतात.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने पट्टे रंगवताना श्वास रोखून धरला होता. तरी शेवटच्या पट्ट्याला त्याला शिंक आली आणि तो पट्टा तिरका गेला. मला त्याची लाज वाटत नाही. गालावर तीळ असतो ना, तसाच तो माझा.

माझं काम एकच, डोळ्यांपुढे फिरायचं. पट्टे सरकू लागले की डोळे त्यांच्यामागे हळूच जातात आणि टुणकन उडी मारून परत येतात. बसच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्या मित्राचे डोळे पाहा, ते असंच करत असतात. त्यांची दोरी मेंदूच्या हातात असते. ती कुठे अडकली, तर डोळ्यांची चाल चुकते. तान्ह्या बाळाला बोलता येत नाही, पण माझ्यापुढे त्याचे डोळे सगळं सांगून टाकतात. डॉक्टरबाई कौतुकाने म्हणायच्या, "या झेब्र्यापुढे कुणाचं काही लपत नाही." तेव्हा माझा पत्रा कसा ताठ व्हायचा!

मग दवाखान्यात चकचकीत पडदा आला. त्याच्यावर पट्टे आपोआप धावू लागले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. शेजारी एक बंद पडलेलं घड्याळ. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य ठणठणीत होते, धूळ खात पडलो होतो मी. थोडं वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, वरून छान दिसायचं.

अशात दवाखाना रंगवायला रंगारीकाका आले. बोलका, हसरा माणूस. आमच्या खोलीत त्यांनी दोन शिड्यांवर फळी टाकली आणि चक्क उताणे पडून छत रंगवू लागले. नोंदणीच्या खिडकीवरच्या मावशी डोकावल्या.

"काका, उशी देऊ का? की चादरही आणू?"

"द्या की, मावशी! अहो, मान वर होत नाही. रंगाऱ्याची मान अशी जातेच. जन्मभर छताकडेच बघायचं ना! मानेला पट्टा लावला, तेल चोळलं, फरक नाही."

"आणि डोकं धरून का बसला होतात सकाळी?"

"तो रंगाचा वास. कधी कधी उलटीही होते. धंदाच तसा, मावशी. बायको तर म्हणते, हल्ली नाक वर करून चालता, कुठला मोठेपणा चढलाय?"

दोघंही हसली. मला मात्र हसू येईना. काका शिडी चढताना माझ्यासमोरच आले होते. त्यांची मान छान मागे जात होती, पाठीला टेकेल इतकी. वर जात नव्हते ते डोळे! खाली जात, बाजूला जात, पण वर जायची वेळ आली की मधेच थांबत. इतक्या वर्षांत मी कितीतरी डोळे पाहिले होते. माझ्या पत्र्यात धस्स झालं. पण डब्याला तोंड कुठे असतं?

कपाट सरकवायचं म्हणून काकांनी मला फडक्याने पुसून टेबलावर ठेवलं. पण भरलेलं कपाट एकट्याने हलेना. त्यामुळे फळी तिथपर्यंत पोचली नाही आणि त्याच्या वरचा कोपरा राहून गेला. संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या.

"काका, तो कोपरा राहिला."

"कुठे?" काकांनी डोकं इतकं मागे टाकलं की तोलच गेला. बाईंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"बसा. मान हलवू नका. फक्त माझं बोट बघा." बोट वर गेलं, डोळे गेले नाहीत.

पडद्यावरचे पट्टे फक्त डावीकडे-उजवीकडे धावत. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. मला आडवं धरून त्यांनी असं फिरवलं की पट्टे वरून खाली सरकू लागले. काकांचे डोळे पट्ट्यांमागे खाली आले. आता उडी मारून वर जायचं! पण वर जाण्याऐवजी दोन्ही डोळे नाकाकडे ओढले गेले, आत खेचल्यासारखे. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच.

"काका, दुखणं मानेत नाही. डोळ्यांना वर बघ म्हणून सांगणारी एक इवलीशी जागा मेंदूत असते. तिच्याजवळून मेंदूतलं पाणी वाहायची बारीक वाट जाते. ती वाट अडली असावी. पाणी साठून त्या जागेवर दाब येतोय."

"म्हणजे नळ तुंबला?"

"तसंच समजा. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जायचं. मी तिथे फोन करते."

"एवढा कोपरा संपवून जातो की!"

"कोपरा कुठे पळून जात नाही. उशीर झाला तर जिवावर बेतेल."

काकांचं हसू मावळलं. "बाई, डोळे परत वर जातील ना हो? नाहीतर छत कसं रंगवू? मला दुसरं काही येत नाही."

"आधी जीव, मग छत," बाई म्हणाल्या.

मावशींनी फोन केल्यावर काकू धावत आल्या. "आणि मी मेली यांना टोचून बोलत होते!" म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला. दोघं गेली. तो कोपरा तसाच राहिला. दुसऱ्या रंगाऱ्याला बोलवायला बाईंनी साफ नकार दिला. मी टेबलावरून रोज त्या कोपऱ्याकडे बघायचो आणि काकांची काळजी करायचो.

एके दिवशी दार उघडलं. काका आत आले, डोक्याला टोपी, अंगाने रोडावलेले. शस्त्रक्रिया करून मेंदूतल्या पाण्याला नवी वाट करून दिली होती म्हणे. मागोमाग काकू. काका खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. मान सरळ. डोळे हळूहळू वर निघाले, मधल्या जागेशी थोडे अडखळले, आणि चढत चढत थेट छताला भिडले.

"अरेच्चा! केवढा कोपरा सोडलाय हा! कोण गाढव रंगारी होता?"

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही मान हलवली नाहीत!"

डॉक्टरबाई मला आडवं धरून फिरवत होत्या. माझ्यापुढे काकांचे डोळे टुणटुण वर उडत होते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पुढे ताकद आल्यावर काकांनी तो कोपरा रंगवला आणि उरलेल्या वेळात माझे फिकट पट्टेही उजळले. तिरका पट्टा मात्र तिरकाच ठेवला. आता मी टेबलावरच असतो.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा पुसून बघा. आणि घरातलं कुणी वर बघायला सारखी मान मागे टाकत असेल, तर त्याला हसू नका. जवळ जाऊन त्याच्या डोळ्यांकडे बघा, आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. मला तोंड नाही. पण तुम्हाला आहे.