फळ्याकडे पाठ करून

"पोरी, फुटबॉलवाल्याशी लग्न करते आहेस, तर शनिवारी त्याच्याकडे बघत बसू नकोस. सोमवारी बघ," डन्स्टनबाई म्हणाल्या होत्या. त्यांचा नवरा आल्फ म्हणजे क्लबचा जुना मालिशवाला. नोरीन नुकतीच अध्यापनाचं कॉलेज पुरं करून आलेली. तिने ते हसण्यावारी नेलं.

त्याला सहा वर्षं झाली. क्लॅरी पेटिफर मेलबर्नच्या गॅसकारखान्यात फिटर, आणि शनिवारी आपल्या गोलपुढचा शेवटचा बचावपटू. गेल्या शनिवारी सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या सत्रात कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. आल्फने नाकाशी शुद्धीवर आणणारी झोंबऱ्या वासाची कुपी धरली आणि विचारलं, "स्कोअर काय?" क्लॅरीने बिनचूक सांगितला. गुणांचा फळा समोरच होता. चौथ्या सत्रात बाजू बदलल्या, तरी त्याने चेंडू मघाच्याच दिशेला, म्हणजे स्वतःच्याच गोलकडे, लाथाडला. लोक पोट धरधरून हसले.

सोमवारी तो कामावरून घरी आलाच नाही. लग्नानंतर दोघं भाड्याने राहायची, त्या दोन गल्ल्यांपलीकडच्या खोलीत जाऊन बसला होता. तिथल्या नव्या बाईने त्याला आणून सोडलं.

"चहा मागत होते हो. दिला मी," ती म्हणाली.

नोरीनने कडेवरच्या लेकीला, ग्लेनिसला, घट्ट धरलं. बुधवारी तिने आल्फचं दार ठोठावलं.

"तुम्ही त्याला फळ्यासमोर उभं करून विचारलंत."

आल्फ खाली मान घालून बसला. मोरीपाशी उभ्या डन्स्टनबाई म्हणाल्या, "वीस वर्षं असंच विचारतोय हा. फळा नसता, तर अर्धा संघ घरी बसला असता."

गुरुवारी सराव झाला, आणि संध्याकाळी रेडिओवर शनिवारचा संघ. क्लॅरीच्या जागेवर नाव आलं टेड बोमनचं. नोरीनने रेडिओ बंद केला, तरी हात बटणावरच राहिला.

"आल्फने आज मला फळ्याकडे पाठ करून उभं केलं," क्लॅरी मटार सोलत म्हणाला. "म्हणे, शनिवारी कितीने हरलो? मला हरलो हेच आठवेना, बघ."

"मग?"

"मग बूट सोडले. एकशे बत्तीस सामने झाले, पुरे की." त्याने पुढची शेंग फोडली. "आणि त्या बाईचा चहा फार गुळचट होता."

सोमवारपासून पहिल्यांदाच नोरीन हसली. हसता हसता तिने मटाराची अर्धी रास आपल्याकडे ओढली.

आता त्या जागेवर टेड खेळतो. स्टेशनामागच्या खाणावळीच्या माडीवर एकटाच राहतो. नोरीन भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: सोमवारी तिकडून जाणार असाल, तर जरा डोकावा. स्कोअर विचारू नका. घर कुठे, एवढंच विचारा.