बिनवायरचा भुंगा

ते यंत्र घरात आलं तेव्हा थोरलीला त्याच्याबद्दल काहीच वाटलं नव्हतं. लेकीने पाठवलंय, तर खोक्यासकट माळ्यावर टाकू, एवढाच तिचा विचार होता. पण धाकट्या जावेने शिवणखोलीच्या दारातून खोक्यावरचं चित्र पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाली की असली खेळणी दोन दिवसांची. झालं. त्या क्षणापासून थोरलीच्या लेखी जगात त्याच्यासारखं दुसरं यंत्र उरलं नाही.

दोघी जावा एकाच घरात राहत, थोरली खाली आणि धाकटी वर. खालची पुढची खोली शिवणखोली. पडदे शिवायचा धंदा सासूबाईंनी सुरू केला होता आणि जाताना तो दोघींच्या गळ्यात बांधून गेल्या होत्या, सोबत एक नियमही. कात्री थोरलीची, सुई धाकटीची. म्हणजे लांब टेबलावर कापड मापून कापायचं ते थोरलीने, आणि समोरच्या मशीनवर बसून ते शिवायचं धाकटीने. वीस वर्षं हेच चाललं होतं. एकीशिवाय दुसरीचं पान हलत नव्हतं, आणि दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. दोघींचे नवरे सख्खे भाऊ होते आणि सकाळी कामावर निघून जाण्यातलं सुख त्यांना चांगलंच कळलं होतं.

तर ते यंत्र. हातात धरायचं छोटं व्हॅक्यूम क्लीनर, बिनवायरचं. थोरली येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दाखवायची. वायर नाही, त्यामुळे पायात काही अडकत नाही. मशीनच्या पोटात साचलेला लोकरीसारखा भुगा, जो काढायला पूर्वी ब्रश आणि फुंकर लागायची, तो हे नाक खुपसून ओढून घेतं. सोफ्याच्या फटीत जातं, खिडकीच्या खाचेत जातं, एका हाताने उचलता येतं. धाकटी मशीनवरून मान वर न करता प्रत्येक गुणाला एक दोष लावायची. डबा एवढासा, टेबलाचं एक टोक झाडलं की भरला. चहा गार व्हायच्या आत बॅटरी संपते. खोबणीत टाचणी गेली की आत खुळखुळत बसते. बटण दाबूनच धरावं लागतं, बोटं आखडतात. आणि पुढच्या गोल ब्रशला धागे गुंडाळले की ते गपकन बंद पडणार, शिवणाऱ्यांच्या घरात दुसरं होणार तरी काय? आवाजाचं तर बोलायलाच नको. तिने त्याचं नाव भुंगा ठेवलं.

खरं सांगायचं तर दोघींचं म्हणणं बरोबर होतं. पण ज्या घरात एकीने पूर्व म्हटलं की दुसरीला पश्चिम दिसते, तिथे बरोबर असून उपयोग काय?

त्या यंत्राचा खरा गुण मात्र कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो, आणि तो थोरलीला एका दुपारी आपोआप सापडला. ती टेबलावरचे कपटे ओढत होती. समोरून धाकटीने मशीन थांबवलं आणि म्हणाली, "ताई, मला जरा बोलायचंय." हेच बोलणं थोरली वर्षभर टाळत आली होती. बोट बटणावर होतंच, ते तिने उचललं नाही. भुंगा घोंगावत राहिला. धाकटीचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले, आणि मग ती मशीनकडे वळली. थोरलीला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

टाळण्याचं कारण मखमल. मखमलीवरून एका बाजूने हात फिरवला तर ती उजळ दिसते, दुसऱ्या बाजूने गडद. म्हणून सगळे पट्टे लव एकाच दिशेला ठेवून कापावे लागतात. वर्षापूर्वी एका बाईंच्या कमानीच्या खिडकीचे पडदे करताना थोरलीने एक पट्टा उलटा कापला. वरची कड गोलाईत, त्यामुळे तो फिरवून लावायचीही सोय नव्हती. पडदे लागले, ऊन पडलं आणि एक पट्टा काळाठिक्कर दिसायला लागला. बाई तणतणत आल्या. थोरलीने क्षणभरही न अडखळता धाकटीकडे बोट दाखवलं आणि शिवताना उलटा लावला म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकाला काय कळतंय? पण दोघींना कळत होतं. धाकटीने मिठाची गुळणी धरली, आणि तेच वाईट झालं. भांडली असती तर थोरलीने दुप्पट भांडून विषय संपवला असता. न भांडलेलं भांडण घरात तसंच पडून राहिलं, आणि आता धाकटी ते उकरणार, वर वाटणीही मागणार, याबद्दल थोरलीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बोलू दिलं तर ते खरं होईल, म्हणून बोलू द्यायचं नाही.

मग ते रोजचंच झालं. धाकटीने घसा खाकरला की भुंगा सुरू. ती सकाळी खाली यायच्या आत थोरली यंत्र चार्जिंगवरून काढून हाताशी ठेवायची. टेबल पुसून लख्ख असलं तरी ती ते पुन्हा ओढायची, मग खुर्ची, मग खिडकीची खाच, मग स्वतःच्या मांडीवरचे नसलेले धागे. एकदा धाकटी हात बांधून समोर उभी राहिली, बॅटरी संपायची वाट पाहत. थोरली कच्ची नव्हती. आवाज मंदावायला लागल्याबरोबर ती न्हाणीघरात गेली आणि कडी लावून बसली. त्या आठवड्यात एक जाडसा माणूस बाहेर गाडी थांबवून दोनदा आला, दारातच धाकटीशी बोलून गेला. थोरलीने खिडकीची खाच झाडता झाडता त्याला पाहिलं आणि मनाशी म्हटलं, ही जाईल कुठे? कापता तर येत नाही. सुईला कात्रीवाचून कोण विचारतो? या एका गोष्टीवर ती रात्री शांत झोपायची.

शुक्रवारी सकाळी धाकटी खाली आली ती मशीनवर बसलीच नाही. सरळ टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. थोरलीने बटण दाबलं. भुंगा घोंगावला, टेबलाच्या कडेवरून आदल्या दिवशीच्या झालरीचे लांब धागे त्याने भसकन आत घेतले, कण्हल्यासारखा आवाज काढला आणि बंद पडला. थोरलीने बटण पुन्हा दाबलं. हलवलं. तळहाताने थोपटलं. खोलीत इतकी शांतता झाली की वरच्या नळाची टपटप ऐकू येऊ लागली.

"द्या इकडे," धाकटी म्हणाली.

तिने यंत्र उलटं करून टेबलावर ठेवलं. गोल ब्रश धाग्यांनी गच्च आवळला होता. तिने हात लांब केला आणि थोरलीची कात्री उचलली. वीस वर्षांत त्या कात्रीला दुसरा हात लागला नव्हता. थोरली ओरडणार होती, पण तिचं लक्ष कात्रीकडेच राहिलं. धाकटीने खालचं पातं धाग्यांखाली सरकवलं, अंगठा मागे घेतला, आणि ब्रशच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका रेषेत कापत नेलं. मध्ये कुठे थांबली नाही, ब्रशचा एक केस तुटला नाही. हे शिकाऊ हाताचं काम नव्हतं. गुंता अलगद सुटून आला, तो तिने टेबलावर ठेवला.

"नाट्यगृहाचं काम आलं होतं," ती म्हणाली. "रंगमंचाचा पडदा, मखमलीचा. गाडीतून दोनदा आला होता त्या माणसाच्या कारखान्यात जाऊन करायचा, दोघींनी मिळून. कापायला तुम्हीच हव्यात असं मीच त्या माणसाला सांगितलं होतं. त्याला काल संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे होतं."

"मग बोलली का नाहीस?"

हे तोंडातून गेलं, आणि गेल्यावर थोरलीला ते परत घ्यावंसं वाटलं. धाकटीने फक्त भुंग्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, तू त्या मखमलीचं काढणार," थोरली म्हणाली. वर्षभरात त्या पडद्यांचा विषय या खोलीत पहिल्यांदाच निघत होता.

"काढायचं असतं तर त्याच दिवशी काढलं असतं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. काल मी त्या माणसाला सांगितलं, जाऊबाईंना जमणार नाही. मी एकटी येते. कापणार मीच."

इथे थोरलीने दोन शब्द नीट बोलायला हवे होते. चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी कदाचित त्या माणसाला अजून एक फोन झाला असता. धाकटी तिथेच उभी होती, जायची घाईही करत नव्हती. पण वीस वर्षांची जीभ एका सकाळीत वळत नाही. थोरली म्हणाली, "तुला कापता कुठे येतं? जा, जा. मखमल आहे ती. लव उलटी लागली की रडत येशील."

धाकटीचा चेहरा मिटला. कात्री तिने जिथून उचलली होती तिथेच, तोंड भिंतीकडे करून ठेवली.

"लव मला कळते, ताई. तो पट्टा तुम्ही कापायला घेतला तेव्हाच मला दिसलं होतं. मी म्हणाले होते, ताई, एक मिनिट. तुम्ही म्हणालात, सुईने सुईचं बघावं." ती दाराकडे गेली आणि वळली. "तेव्हा तर हा भुंगाही नव्हता."

थोरलीला ते आठवलं. अगदी शब्दन् शब्द. तिला संताप आला, तो धाकटीवरच आला, कारण दुसऱ्या कोणावर काढायची तिला सवय नव्हती.

दोन दिवसांनी धाकटीचं मशीन गेलं. ते तिचंच होतं. तिच्या नवऱ्याने आणि त्या जाड माणसाने ते गाडीत चढवलं. थोरलीचा नवरा मदतीला उठला, तेव्हा थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा खाली बसला. जिथे मशीन होतं तिथे फरशीवर चार फिकट ठिपके राहिले आणि थोडा भुगा. थोरलीने तो लगेच ओढून घेतला. यंत्र उत्तम चालत होतं. ब्रश इतका मोकळा नवेपणीही नव्हता.

आता रोज सकाळी धाकटी जिन्यावरून उतरते. शिवणखोलीच्या दारासमोर पावलं हळू होत नाहीत की जोरातही पडत नाहीत. फाटक वाजतं. थोरली टेबलाशी बसलेली असते. कापड कापून ठेवलं तर ते शिवणार कोण, म्हणून ती कापत नाही. गिऱ्हाइकांना सांगते की सध्या हातात फार काम आहे.

परवा त्याच कमानीच्या खिडकीवाल्या बाई आल्या. राग केव्हाच विसरल्या होत्या, नव्या घराचे पडदे शिवायचे होते. खोलीभर नजर फिरवून त्यांनी साधाच प्रश्न विचारला. "तुमच्या धाकट्या जाऊबाई कुठे दिसत नाहीत?"

थोरलीने भुंगा उचलला, बटण दाबलं आणि टेबल साफ करायला घेतलं. टेबलावर काहीच नव्हतं. बाई काहीतरी बोलत राहिल्या, मग थांबल्या, मग वाट पाहत उभ्या राहिल्या. बॅटरी पूर्ण भरलेली होती.