एकशे अडुसष्ट तासांचं कुलूप

माझे हात थरथरतात. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक आधी माझ्या हातांकडे बघतात, मग चेहरा पाडतात आणि मग तब्येत विचारतात. दुखणं जुनं आहे, जीवघेणं नाही. हात मांडीवर ठेवले की शांत असतात. काही धरायला किंवा दाबायला गेलं की त्यांचं सुरू होतं, आणि कोणी टक लावून बघत असेल तर विचारूच नका.

तरी याच हातांनी मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये रिले दुरुस्त केले. रिले म्हणजे विजेवर हलणारी एक छोटी पट्टी. तुम्ही नंबर फिरवला की अशा शेकडो पट्ट्या खटाखट चिकटायच्या आणि तुमची लाइन जुळायची. थरथर निवृत्तीनंतर आली, हे तिचे उपकारच म्हणायचे.

पंचाईत झाली ती फोनची. माझा बटणांचा फोन ज्या जुन्या नेटवर्कवर चालायचा ते चार महिन्यांपूर्वी बंद पडलं. लँडलाइन तर आमच्या खात्यानेच केव्हाची गुंडाळली होती. मग मुलाने नवाकोरा स्मार्टफोन आणून दिला. काचेची गुळगुळीत पाटी. कॉल आला की त्यावर बोट ठेवून वर सरकवायचं. माझं बोट सरकत नाही, नाचतं. मी वर न्यायला जायची आणि कॉल कटायचा. नंबर लावायला जावं तर एका सातच्या जागी तीन सात उमटायचे. सेटिंगमध्ये म्हाताऱ्यांसाठी काय काय सोयी होत्या, त्या सगळ्या लावून बघितल्या. त्या इतर ठिकाणी चालायच्या, पण नेमक्या फोन उचलायच्या आणि नंबर दाबायच्या पडद्यावर नाही. म्हणजे फोनवर बोलणं सोडून सगळं करा.

एका शनिवारी दुपारी मुलाने चार वेळा फोन केला. चारही वेळा माझ्या बोटाने कट केला. पाचव्या वेळी फोन हातातून सुटून सोफ्याखाली गेला. तो काढायला मी जमिनीवर आडवी झाले, तोवर चिरंजीव रिक्षा करून आले, सहा मजले धावत चढले आणि खांद्याने दार ढकलून कडी उखडली. मी सोफ्याखालून डोकं बाहेर काढलं तेव्हा तो दारात उभा होता. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"आई, आता बास. तू आमच्याकडे राहायला येतेयस."

"का? मला काय धाड भरलीय?"

"तेच तर कळत नाही ना! तू फोन उचलला नाहीस की मला काहीच कळत नाही. रोज ऑफिसात बसून तोच विचार."

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. त्याचं घर छान आहे, सून गुणाची आहे. पण तिथे मी पाहुणी. गॅस पेटवायला उठले की दोघं धावत येतात आणि माझ्या हातातला लायटर काढून घेतात. इथे माझे हात कितीही थरथरोत, चहा माझा मी करते आणि सांडला तर माझा मी पुसते. मला हे घर सोडायचं नव्हतं.

"उद्याचा सोडून पुढच्या रविवारी सकाळी दहाला ये," मी म्हणाले. "माझ्यासमोर बसून दहा वेळा फोन कर. दहाच्या दहा उचलले तर हा विषय कायमचा बंद. एक जरी हुकला, तर बॅग मी स्वतः भरते."

तो हो म्हणाला. जाताना माझ्या फोनमध्ये त्याने एक अ‍ॅप टाकलं. मी कुठे आहे ते त्याला त्याच्या फोनवर दिसावं म्हणून.

बोलून तर बसले. आता करायचं काय? संध्याकाळभर मी फोनपुढे बसून माझ्या बोटाचा तमाशा बघितला. आणि बघता बघता ओळख पटली. हे तर आपलं जुनंच दुखणं! रिलेची पट्टी चिकटताना एकदा चिकटत नाही. चिकटते, उडते, पुन्हा चिकटते. नवशिक्याला वाटतं तीन ठोके आले. उपाय सोपा असतो: पहिला ठोका खरा मानायचा आणि पुढे क्षणभर कान बंद ठेवायचे. फोनला एवढंच सांगायचं होतं. पण फोन माझं ऐकणार कसा? कंपनीने त्याच्या पोटाला कुलूप घातलेलं असतं. ते काढणं म्हणजे अनलॉक, आणि आत शिरून सगळे अधिकार आपल्या हाती घेणं म्हणजे रूट. इंटरनेटवर वाचत गेले तसतसा माझा पारा चढत गेला. वस्तू माझी, घरात माझ्या, आणि किल्ली कंपनीकडे!

रविवारी सकाळी साडेआठला मी कंपनीकडे कुलूप काढायचा अर्ज केला. उत्तर लगेच आलं: एकशे अडुसष्ट तास थांबा. विचार बदलायला वेळ देतात म्हणे. मी बोटांवर हिशोब केला. बरोब्बर पुढच्या रविवारी, साडेआठ. दहाच्या आधी दीड तास हातात.

खालच्या मजल्यावर आमच्या खात्यातलेच एक निवृत्त लाइनमन राहतात. त्यांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला.

"बाई, हा नसता उद्योग आहे. वॉरंटी जाईल."

"जाऊ दे."

"बँकेचं अ‍ॅप चालणार नाही."

"बँक कोपऱ्यावर आहे. मला पाय आहेत."

"आणि फोन मेला म्हणजे?"

"आत्ता तरी कुठे जिवंत आहे?"

यावर ते वाटीतले शेंगदाणे खात राहिले.

मधल्या दिवसांत तयारी करायची होती. मुलाने टाकून दिलेला लॅपटॉप होता. मनगटावर वाळूची पिशवी ठेवली की मला सावकाश टाइप करता येतं. फोन केबलने जोडला, तर लॅपटॉपला फोन दिसेचना. सोमवार गेला. लॅपटॉपचा प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. मंगळवारही गेला. कंपनीला, लॅपटॉपला, सगळ्या जगाला शिव्या घालून झाल्या. बुधवारी लाइनमन आले आणि केबल बोटांत फिरवत म्हणाले, "बाई, हा जोड कोणी दिलाय?"

"मी. गेल्या वर्षी. सुबक आहे की नाही?"

"सुबक आहे. आत तारा किती जोडल्यात?"

तेव्हा कुठे मला आठवलं. चार तारांपैकी मी दोनच जोडल्या होत्या. लाल आणि काळी, चार्जिंगपुरत्या. बोलण्याच्या दोन तारा कापून टाकल्या होत्या, कशाला हव्यात म्हणून. आयुष्यभर लोकांना सांगितलं, लाइन बंद असली की आधी तार बघा. पण आपला तो बाब्या! स्वतःच्या हातचा जोड, त्याच्यावर संशय कसा घेणार? लाइनमन इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग तेच घरी जाऊन धड केबल घेऊन आले. फोन दिसला.

आता एकच आकडा हवा होता: कान किती वेळ बंद ठेवायचे? कमी ठेवले तर थरथर आत शिरणार, जास्त ठेवले तर खरा ठोकाही हुकणार. मी पेन्सिल कागदाच्या लांब पट्टीवर अधांतरी धरली. लाइनमननी घड्याळ बघत दहा सेकंदांत पट्टी ओढली. पट्टीवर ठिपके उमटले. आम्ही दोघांनी चष्मे लावून ते मोजले. चोपन्न.

"म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच," मी म्हणाले. "दोन ठोक्यांत सेकंदाचा पाचवा हिस्साही नाही. आपण पाव सेकंद धरू."

इतकी वर्षं या हातांना मी नावं ठेवत होते, आणि ते घड्याळासारखे नियमित निघाले. मला त्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

रविवार उजाडला. साडेआठ वाजून एक मिनिटाने मी पहिली आज्ञा टाइप केली. पडद्यावर विचारणा आली: कुलूप काढू का? आतलं सगळं पुसलं जाईल. आवाज वाढवायचं बटण म्हणजे हो. मी अंगठा दाबला. फोन काळा झाला आणि पुन्हा जागा झाला तो कोरा. मग त्याच्या आतल्या मुख्य फाइलची प्रत काढून, तिच्यात अधिकाराची किल्ली घालून, ती परत आत घालायची होती. प्रत तयार होत होती आणि तेवढ्यात बेल वाजली. बेल कसली, दारावर धपाधप.

मुलगा! नऊ वाजून दहा मिनिटांनी! घामाघूम.

"तू नकाशावरून गायब झालीस! फोनही लागत नाही!"

पुसण्यात त्याचं अ‍ॅपही पुसलं गेलं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी इथेच आहे. बस. पाणी पी."

"आई, हे काय चाललंय? फोनचं काय केलंस?"

"दहा वाजायचेत अजून. टेबलाला हात लावायचा नाही."

तो समोर बसला आणि टक लावून बघू लागला. झालं! माझे हात असे सुटले की वाळूची पिशवी खाली पडली. एक ओळ टाइप करायला मला तीनदा पुसावं लागलं. तो दोनदा अर्धवट उठला आणि दोनदा माझ्या नजरेने खाली बसला. अखेर फाइल आत गेली. फोनवर इशारा आला की या उपकरणावर भरवसा ठेवता येणार नाही. घरात भरवसा नसणारा एक होताच, हा दुसरा. मग कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथेच थांबलं. एक मिनिट. दोन. चार.

"मेला," मुलगा म्हणाला. अगदी हळू म्हणाला, टोमणा नव्हता त्यात. "आई, राहू दे ना. मी नवा आणून देईन. तू चल आमच्याकडे."

पहिल्या खेपेला वेळ लागतो, असं मी वाचलं होतं. मी या घराच्या भिंतींकडे बघितलं नाही, मुद्दाम नाही. फोनकडेच बघत राहिले. सहाव्या मिनिटाला पडदा उजळला.

पुढचं माझं काम होतं. दोन ओळी. पहिलीत पाव सेकंद. दुसरीत कॉल उचलायला सरकवणं बंद, आवाजाचं वरचं बटण चालू. फोन तिसऱ्यांदा जागा झाला तेव्हा दहाला पाच कमी होते.

"कर," मी म्हणाले.

त्याने केला. मी बटण दाबलं. "हॅलो," माझा आवाज त्याच्या फोनमधून आला. दुसरा. तिसरा. पाचव्याला तो खुर्ची पुढे ओढून बसला. आठव्याला त्याने मला फसवायला आधी कट केला आणि लगेच पुन्हा लावला. तोही उचलला. हात थरथरतच होते, अजिबात कमी नाही. फोनला आता त्याचं काही वाटत नव्हतं.

दहावा उचलून मी म्हणाले, "झाले. आता विषय बंद."

तो हसला, मान हलवली आणि डोळे पुसले. उखडलेली कडी त्याने स्वतः बसवून दिली, स्क्रू थोडे तिरके, पण मी काही बोलले नाही. चहा पिऊन निघाला.

खिडकीतून तो रस्ता ओलांडताना दिसला. मी फोन हातात घेतला. नावांची यादी पुसली गेली होती, पण एक्सचेंजच्या बाईला यादी लागत नाही. दहा आकडे मी एकेक करून काचेवर दाबले. बोट नाचलं, सात एकदाच उमटला. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी कोणाला तरी स्वतः फोन लावत होते.

खाली तो चालता चालता थांबला. खिशातून फोन काढला, पडद्यावर माझं नाव बघितलं आणि घाईघाईने कानाला लावला.

"आई? काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हणाले. "तेच सांगायला फोन केला."