अंतराळवीराला चावलेला बूट

मित्रांनो, हे तुमच्यापैकी कोणालाच पटणार नाही, तरी सांगतो. मी एक जुना डावा बूट आहे आणि एका अंतराळवीराला मी कायमचे जमिनीवर आणून बसवले आहे.

चांभाराने मला आधी शिवले, उजव्याला नंतर. म्हणून तो मला दादा म्हणतो. अकरा वर्षे आम्ही मालकाला चिखलातून, काचांवरून सुखरूप नेले. "माझ्याच कातडीचे वाटतात," असे तो चारचौघांत सांगायचा. मग तो अंतराळात राहायला गेला आणि महिन्याभरात त्याची भाषा बदलली.

पडद्यावर तो बायकोशी बोलायचा, ते आम्हाला चपलांच्या कपाटात ऐकू यायचे.

"अहो, तोंड सुजलंय तुमचं. आणि पाय बगळ्यासारखे काय झालेत?"

"अगं, इथे रक्त वरच चढून बसतं. उंचीसुद्धा दोन बोटं वाढली. चालायचंच नाही, त्यामुळे तळव्यांची जाड कातडी पार सोलून गेली. ते जुने बूट देऊन टाक भंगारात."

भंगारात. त्याच क्षणी माझ्या चामड्याला दात फुटले. मोजून बत्तीस.

बायकोने आम्हाला टाकले नाही. सहा महिन्यांनी मालक परतला तो हाडे ठिसूळ आणि तळवे तान्ह्या बाळासारखे घेऊन. पुन्हा वर जायचे, तर डॉक्टरीणबाईंसमोर आधाराशिवाय वीस पावले चालून दाखवायची होती. नव्या बुटांनी फोड आले, म्हणून शेवटी पायात आम्हीच.

"डावा पाय आधी," बाई म्हणाल्या. "घाई नको."

डावा, उजवा, डावा, उजवा. एकोणीस पावले मी दात आवळून गप्प राहिलो. त्याचा चेहरा खुलू दिला. विसाव्याला असा कडकडून चावलो, की तो मटकन खालीच बसला. बाईंनी कागदावर लिहिले, पुन्हा उड्डाण नाही. आता तो रोज सकाळी खाली वाकून मला पुसतो आणि मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्यासाठी जे झिजले, त्यांना जपा. आम्ही काही विसरत नाही.

"दादा, पुरे आता," शेजारून उजवा म्हणाला. "सुरुवात डाव्याने झाली, तर विसावं पाऊल माझं. तू तर त्याच्या टाचेखाली मऊ पडला होतास. चावलो मी."