अकरा ओळी

त्याने 'हो' दाबलं आणि पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत सरकत संपली. चिपला लावलेलं कुलूप काढू का, एवढंच कॉम्प्युटरने विचारलं होतं. कुलूप काढलं की आतलं सगळं पुसलं जातं, हे खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. ते त्याने नंतर वाचलं. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाने.

चिप लेकीची होती. रक्तदाबाची गोळी हमखास विसरणाऱ्या आईसाठी तिने घड्याळ बनवलं होतं. सकाळी साडेआठ वाजता त्यावरची वेळ जाऊन एक ओळ उमटायची, रोज वेगळी. 'आई, गोळी. नाटकं नकोत.' 'आई, घेतलीस की नुसती हातात धरून बसलीयेस?' मार्चमध्ये लेक गेली, घड्याळ बोलत राहिलं. हल्ली मधलीच अक्षरं गळायला लागली होती, म्हणून चिप दगावण्याआधी आतलं सगळं दुसरीवर उतरवून घ्यावं, असं त्याने ठरवलं. बायको रविवारी दहाच्या गाडीने बहिणीकडे गेली होती, गुरुवारी येणार होती. शहाणपणा करायला चार दिवस होते आणि पठ्ठ्याने पहिल्याच दुपारी माती खाल्ली.

संध्याकाळी तो सुट्या भागांच्या दुकानात गेला. दुकानदाराने दोन चिपा काउंटरवर ठेवल्या. एक तसलीच जुनी, अठ्ठावीस पायांची. दुसरी नखाएवढी.

"काका, जुनी कशाला घेताय? नवी इंटरनेटवरून वेळ घेते, अक्षरं तयार मिळतात. जुनीत सगळं हातानं करावं लागेल. आणि जागा बघा ना, हिच्यात हजारो ओळी मावतील."

"माझ्याकडे अकराच आहेत," तो म्हणाला.

दुकानदाराला काही उमगलं नाही. त्याने जुनी चिप पुडीत बांधून दिली.

आठवून आठवून अकराच ओळी निघाल्या होत्या. बाकीच्या वेळी आपण कुठे होतो, हे त्याने स्वतःला विचारलं आणि प्रश्न तिथेच सोडला. दोन दिवस तो चौकटीच्या कागदावर लेकीची अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांनी काढत बसला. तिचा 'ळ' जरा पोट सुटलेला होता, तोही त्याने तसाच काढला. नव्या चिपेतला देखणा 'ळ' त्याला नको होता. बुधवारी घड्याळ पुन्हा भिंतीवर लागलं.

शुक्रवारी बायकोने ओळ वाचून गोळी घेतली. शनिवारीही घेतली. त्याच्या जिवात जीव आला.

रविवारी साडेआठला ओळ उमटली, 'आई, गोळी. नाटकं नकोत.' बायको पाण्याचा पेला हातात धरून बघत राहिली. मग पेला खाली ठेवून ती खुर्चीत बसली.

"अहो, हे तुम्ही लिहिलंय ना?"

त्याने मान खाली घातली. "पुसलं गेलं गं माझ्या हातनं. सगळं. तुला कसं कळलं?"

"रविवारची ओळ माझी नसते."

"मग कोणाची?"

"तुमची." ती पदराशी चाळा करत राहिली. "तुम्ही रविवारी सातलाच जुन्या बाजारात जाता. आज पहिल्यांदा थांबलात. 'बाबा, आज घरीच थांबा ना,' अशी ओळ यायची. पोरीनं शपथ घातली होती, सांगू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे म्हणून."

तो भिंतीकडे बघत राहिला. तिथे आता आठ बत्तीस झाले होते.

"आणि ती गेल्यावर?"

"गेल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार होते मी तुम्हाला?"

"तसं नाही गं. ती गेल्यावर बंद झाली असेल ना ती ओळ?"

बायकोने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली.

"मशीनला काय कळतंय, अहो," ती म्हणाली. "मागच्या रविवारपर्यंत येत होती."