डाव्या खांद्याची झीज

रोबोच्या मागे बसून तिनं त्याची छाती दोन्ही तळव्यांनी आत दाबली, कंबर फिरवली, पाय वर घेतले. कमरेएवढा रोबो बघता बघता लाल ट्रक झाला. मग तिनं तो उलट्या क्रमानं उलगडला. रोबो ताठ उभा राहिला आणि त्याचा डावा हात धप्पकन खाली लोंबला.

“सकाळपासून हेच चाललंय,” मामा म्हणाला. “माझा असा नव्हता हं. काय ऐटीत उभा असायचा!”

मामाचा खेळण्यांचा कारखाना होता आणि भाची तिथं नुकतीच इंजिनिअर म्हणून लागली होती. मामाच्या लहानपणीचा गंजलेला रोबो माळ्यावर सापडल्यापासून दोघांना एकच ध्यास लागला होता. असा भला थोरला, दुमडणारा रोबो आज पुन्हा बनवायचा. बोट चिमटणार नाही असे सांधे, पत्र्याऐवजी हलकं प्लास्टिक, हे सगळं तिनं जमवून आणलं होतं. पण एवढे मोठे भाग ओतणारं मशीन कारखान्यात एकच होतं, आणि ते विकायचं तिच्या आईनं ठरवलं होतं. आई निम्म्याची भागीदार. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं.

“आजची पोरं काचेवर बोट फिरवतात,” आई म्हणाली होती. “हे दुमडत कोण बसणार? आधी तो धड उभा राहू दे, मग बोलू.”

भाचीनं जुन्या रोबोच्या खांद्यांतली दोन्ही दातेरी चाकं काढून खिडकीच्या उजेडात धरली. उजव्याचे दाते टोकदार होते, डाव्याचे पार गोल झालेले.

“मामा, सापडलं! आपण जुनी चाकं स्कॅन करताना झीजसुद्धा इमानेइतबारे उतरवून घेतली!”

“पण जुन्याचा हात कुठे लोंबतो?”

“तो गंजानं धरून ठेवलाय.”

“म्हणजे आपलं बाळ जन्मालाच म्हातारं आलं म्हण की!”

तिनं उजव्या चाकाची आरशातल्यासारखी उलटी आकृती केली आणि थ्रीडी प्रिंटरवर छापायला लावली. प्रिंटर घरघरत होता. ती मात्र एका जागी थांबेना. झीज डावीकडेच का? हा रोबो मागे बसूनच दुमडावा लागतो, खिट्टी पाठीवर आहे. ती जुन्या रोबोच्या मागे बसली. खिट्टी सरकवल्यावर तिचा हात आपोआप खांद्यावर गेला. उजव्या खांद्यावर.

“मामा, तू उजव्या हाताचाच ना?”

“हो. का गं?”

तिनं नुसती दोन्ही चाकं त्याच्यापुढे धरली. मामानं ती पाहिली, मग कान खाजवला.

“वाढदिवसाला आणला होता मलाच,” तो म्हणाला. “पण मला काही तो दुमडता यायचा नाही.”

“मग?”

“मग काय! बाबांची पाठ वळली, की...”

जिन्यात पावलं वाजली. प्रिंटर थांबला. भाचीनं कोमट चाक उचललं, घाईघाईनं खांद्यात बसवलं आणि रोबोचा डावा हात वर केला. हात तिथंच राहिला.

“गिऱ्हाईक एवढ्यात येईल,” आई आत येत म्हणाली. “तेवढं मशीन पुसून...” तिनं रोबोकडे पाहिलं. “उभा राहिला?”

“राहिला. दुमडून बघ ना, आई.”

“मला कुठलं येतंय?”

पण पर्स जमिनीवर ठेवून ती बसली होती. रोबोच्या पुढ्यात नाही, मागे. तिचा डावा हात खिट्टीवरून खांद्यावर गेला, तिथून कोपराकडे उतरला. ती बघत होती भलतीकडेच. खट्‌, खट्‌, आणि समोर ट्रक उभा.

भाचीनं मामाकडे पाहिलं. मामानं छताकडे.

“घट्ट आहे जरा,” आई नापसंतीनं म्हणाली. “वापरून सैल होईल.”

फोन वाजला. मामानं उचलला, ऐकलं आणि त्यावर तळवा ठेवला.

“गिऱ्हाईक फाटकात आलंय. काय सांगू?”

“सांग, मशीन कामात आहे.”

“अगं, ते तर कधीचं बंद...”

“मग चालू कर ना,” आई म्हणाली आणि ट्रक पुन्हा उलगडायला लागली.